पट्टीच्या मागचे नाव

बाबांच्या गोळ्या ज्या डब्यात असतात तो मुळात श्रीखंडाचा अर्ध्या किलोचा डबा आहे. झाकणावर पांढरी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आईच्या ठसठशीत अक्षरात 'यांच्या गोळ्या' असे लिहिले आहे. आई गेली त्याला आता सहा वर्षे होतील. चिकटपट्टीचे कोपरे काळवंडले, तरी ती मी बदललेली नाही. आई होती तोवर कोणती गोळी कधी द्यायची, किती आणायची आणि कोठून आणायची हे सगळे तिच्याकडे होते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला त्यात लक्ष घालावे लागले नव्हते. ती गेल्यावर दुसऱ्या महिन्यात मी चिठ्ठी घेऊन कोथरूडमधल्या आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात गेले आणि ३,८६० रुपयांचे बिल घेऊन परत आले. मी आयुष्यभर एका शाळेच्या कार्यालयात हिशेब लिहिले, त्यामुळे एक आकडा समोर आला की त्याच्या शेजारी दुसरा मांडून पाहण्याची सवय हाताला लागली आहे. बाबांना भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतून मिळणारे पेन्शन दोन हजारांच्या आत आहे. म्हणजे त्यांचे जवळजवळ दोन महिन्यांचे पेन्शन एका महिन्याच्या गोळ्यांना लागत होते, आणि ही गोष्ट आईने आम्हा भावंडांना कधी कळूही दिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी एकेक पट्टी हातात घेऊन बिलाशी ताडून पाहत होते आणि इंग्रजी नावे अडखळत वाचत होते. बाबा शेजारी बसून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, भिंग लावले आणि म्हणाले, "अगं, हे नाव कशाला वाचतेस? हे दुकानाचं नाव झालं. औषध रोसुव्हास्टॅटिन आहे."

बाबा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे तिकडच्या बोलण्यातल्या 'एच.ए.'मध्ये, छत्तीस वर्षे नोकरीला होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये उभा राहिलेला तो सरकारी क्षेत्रातला पहिला औषध कारखाना. १९५५ पासून तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले, आणि पुढे बुरशीच्या आजारांवरचे हामायसिन हे नवे औषधही तेथल्याच शास्त्रज्ञांनी शोधून काढले. आमचे बालपण एच.ए.च्या कॉलनीत गेले. बाबा शास्त्रज्ञ नव्हते, किण्वन विभागात कामगार होते; पण त्यांच्या कानावर दिवसभर जी नावे पडत ती औषधांची मूळ नावे होती. पिंपांवर, नोंदवहीत, पाळी बदलताना दिलेल्या निरोपात, सगळीकडे पेनिसिलीन म्हणजे पेनिसिलीनच असे. त्याला खोक्यावर कोणते नाव मिळणार हा प्रश्न कारखान्याच्या दाराबाहेरचा होता. त्यामुळे गोळीला दोन नावे असतात, एक तिचे स्वतःचे आणि एक तिला विकणाऱ्याने ठेवलेले, ही गोष्ट बाबांना कोणी समजावून सांगावी लागली नाही. मला मात्र ती पन्नाशी उलटल्यावर कळली.

त्या रात्री आम्ही दोघांनी सगळ्या पट्ट्या उलट्या करून ठेवल्या. पट्टीच्या मागच्या चंदेरी बाजूवर किती मजकूर असतो हे मी तोवर नीट पाहिलेच नव्हते. उभी लाल रेघ असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. मग औषधाचे मूळ नाव, ते किती मिलिग्रॅम, ते भारतीय औषधकोशाच्या मानकाप्रमाणे आहे हे सांगणारी 'आय.पी.' ही दोन अक्षरे, बॅच क्रमांक, मुदत, छापील किंमत, आणि बारीक अक्षरांत बनवणारा कोण आणि विकणारा कोण. पुष्कळ पट्ट्यांवर ही दोन नावे वेगवेगळी निघाली. दुसऱ्याच कारखान्याने बनवायचे आणि मोठ्या नावाने विकायचे, ही या धंद्यातली नेहमीची आणि कायदेशीर रीत आहे. नियमाप्रमाणे आता एकेरी औषधाचे मूळ नाव कंपनीने गोळीला ठेवलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे लागते, आणि ते तसे छापलेलेही असते. तरीही आपली नजर कंपनीच्या नावावरच जाते, कारण डॉक्टरांनी तेच लिहिलेले असते, दुकानदार तेच उच्चारतो, आणि आपल्या आजाराची ओळखच त्या नावाशी जुळलेली असते. आणखी एक बारीकशी गोष्ट त्या रात्री लक्षात आली. दुकानात पाच-सहा गोळ्या कापून देतात तेव्हा मुदत छापलेला तुकडा बहुधा दुकानातच राहतो. तेव्हापासून मी मुदत आणि मूळ नाव असलेल्या बाजूने कापून मागते, आणि आजवर कोणत्याही दुकानदाराने त्याला नकार दिलेला नाही.

आता मुळातल्या गोष्टीकडे येते. भाजी घेताना आपण दोन गाड्यांवर भाव विचारतो, साडी घेताना लक्ष्मी रोड पालथा घालतो. औषधाच्या बाबतीत मात्र निवड करणारा एक असतो आणि पैसे देणारा दुसरा. डॉक्टर चिठ्ठीवर जे नाव लिहितात त्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही, आणि अनेकदा ती त्यांना ठाऊकही नसते. जो पैसे देतो तो आजारी, घाबरलेला किंवा त्या आजाऱ्याची मुलगी असतो, आणि त्याला नावातले काही कळत नाही. मधला दुकानदार सांगू शकला असता, पण त्याचे हात नियमाने बांधलेले आहेत. १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर लिहिलेल्या औषधाऐवजी, त्यात तोच घटक असला तरीही, दुसरे उत्पादन त्याला आपल्या मनाने देता येत नाही. डॉक्टरांनी कंपनीचे नाव लिहिले की साखळी तेथेच पक्की होते. डॉक्टरांनी मूळ नाव लिहावे, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा वैद्यक परिषदेचा नियम २०१६ पासून आहे. २०२३ मध्ये तो अधिक कडक करणारी नियमावली आली आणि त्याच महिन्यात स्थगित झाली. कंपन्यांनी ठेवलेली नावेच टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत ही शिफारस तर त्याहून जुनी, औषध उद्योगासाठी सरकारने नेमलेल्या हाथी समितीची, १९७५ ची. बाबांना तो काळ आठवतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये त्या अहवालावर वाद होत असत, असे ते सांगतात.

आमच्या शेजारच्या काकूंचा पुतण्या सदाशिव पेठेत औषधांचा घाऊक व्यापार करतो. मी त्याला भीत भीत विचारले आणि त्याने एका दुपारी मला दुकानात बोलावले. त्या गल्ल्यांमधून मी लहानपणापासून जात आले आहे, पण दाराशी खोकी उतरवणाऱ्या टेम्पोंकडे आणि पाठीवर पिशव्या बांधून दुचाकी हाकणाऱ्या पोरांकडे कधी थांबून पाहिले नव्हते. पुतण्याने दोन पट्ट्या माझ्यापुढे ठेवल्या. सर्दीच्या एकाच औषधाच्या त्या होत्या, ताकद तीच, छापील किमतीही जवळपास सारख्याच. "आत्या, ही एथिकल, ही जनरिक," तो म्हणाला. पहिली कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांकडे जाऊन सांगतात ती, आणि दुसरी कोणताही प्रतिनिधी न पाठवता सरळ दुकानदाराला विकतात ती. दुसऱ्या पट्टीवर पस्तीस रुपये छापलेले होते आणि दुकानदाराला ती तीन रुपयांच्या आसपास पडत होती. बिल त्याने माझ्यासमोर उघडून दाखवले.

मी त्या दिवसापासून 'औषधांवर २० टक्के सूट' ही पाटी वेगळ्या नजरेने पाहते. तीन रुपयांची वस्तू पस्तीसऐवजी अठ्ठावीसला मिळाली तर सूट खरीच मिळाली, पण बाकीचे पंचवीस रुपये कोणाचे? मला दुकानदारांवर आरोप करायचा नाही. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानदाराला मोठ्या साखळ्यांशी आणि घरपोच देणाऱ्या ॲपशी टक्कर देऊन भाडे भरायचे असते. कोविडच्या दिवसांत बाबांच्या गोळ्या आमच्या दुकानदाराने स्वतः फाटकाशी आणून दिल्या होत्या, ते मी विसरणार नाही. माझे म्हणणे छापील किमतीबद्दल आहे. 'जनरिक' या शब्दावर लोक विश्वास टाकतात तो स्वस्ताईमुळे. प्रत्यक्षात दुकानात जनरिक म्हणून मिळणारी पट्टी ग्राहकाला स्वस्त पडेलच असे नाही. ती नक्की स्वस्त पडते ती विकणाऱ्याला. म्हणून सूट किती हे विचारण्याआधी एका गोळीला किती पडले हे काढावे, असे मी सगळ्यांना सांगते. दहाची पट्टी आणि पंधराची पट्टी यांच्या किमती समोरासमोर ठेवून माणसे फसतात. एका गोळीचा भाव काढला की ती फसगत होत नाही.

मग सरकार भाव ठरवत नाही का, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. ठरवते, पण सगळ्यांचे नाही. राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण १९९७ पासून हे काम करते, आणि अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना कमाल किंमत लावते. ही किंमत पूर्वी उत्पादनखर्चावरून काढली जात असे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशापासून ती बाजारावरून काढली जाते. बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या सगळ्या नावांची, दुकानदाराला पडणारी सरासरी किंमत घ्यायची आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवायचे. ज्या औषधाची खपणारी सगळीच नावे महाग असतील त्याची सरासरीही महागच निघते, हे समजायला फार गणित लागत नाही. यादीबाहेरच्या औषधांना तर एवढेच बंधन आहे, की वर्षात १० टक्क्यांहून अधिक भाववाढ करायची नाही. यादीतल्या औषधात दुसरे एखादे औषध मिसळून एकत्र गोळी केली, की ती अनेकदा यादीबाहेर पडते. बाबांच्या पाच गोळ्यांपैकी दोन अशा जोडगोळ्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा बिलात दिसला. पण तीनचे पस्तीस जेथे होतात तेथे कराचे सात टक्के फार लांबवर नेत नाहीत.

जनऔषधी केंद्रात, म्हणजे मूळ नावाची औषधे स्वस्तात विकणाऱ्या सरकारी योजनेच्या दुकानात, मी पहिल्यांदा गेले ते पुष्कळ शंका मनात घेऊनच. देशातले पहिले केंद्र २००८ मध्ये अमृतसरला सुरू झाले, २०२५ च्या सुरुवातीला त्यांची संख्या १५,००० झाली, आणि पुण्यात आता बहुतेक मोठ्या उपनगरांत एखादे तरी सापडते. 'जनऔषधी सुगम' नावाचे ॲप मोबाइलवर घेतले की जवळचे केंद्र कोणते, औषध तेथल्या यादीत आहे का आणि किंमत किती हे घरबसल्या दिसते. त्यात शोधायचे मात्र मूळ नावाने. म्हणजे पुन्हा पट्टीच्या मागच्या बाजूपाशीच यावे लागते. पहिल्या दिवशी पाचांपैकी दोनच गोळ्या मिळाल्या. रोसुव्हास्टॅटिनच्या दहा गोळ्यांना मी दीडशेच्या वर मोजत होते, तेथे त्या पंचविसाच्या आत मिळाल्या. पैसे दिल्यावर मी तेथेच उभी राहून पट्टी पुन्हा उलटी करून पाहिली, मिलिग्रॅम तेवढेच आहेत ना म्हणून. रक्तदाबाची गोळी संपलेली होती आणि जोडगोळ्या त्या मिश्रणात नव्हत्याच. केंद्रातल्या मुलीने मात्र जे सांगितले ते मोलाचे होते. "काकू, ही जोडगोळी आमच्याकडे सुट्या दोन गोळ्यांत आहे, पण मी आपणहून देणार नाही. डॉक्टरांकडून लिहून आणा."

डॉक्टरांकडे जाताना माझ्या पोटात गोळा आला होता. बाबांना ते पंधरा वर्षे पाहत आहेत, आणि 'स्वस्तातले लिहून द्या' असे म्हणणे हा त्यांच्यावर अविश्वास ठरेल असे वाटत होते. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत हा संकोच फार खोल आहे. तपासणीचे हजार रुपये आपण मुकाट्याने देऊ, पण औषध परवडत नाही हे वाक्य जिभेवर येत नाही. शेवटी बाबाच म्हणाले, "डॉक्टर, मूळ नावानं लिहून द्याल का? मी एच.ए.चा माणूस आहे." डॉक्टर हसले, त्यांनी नवा कागद घेतला आणि पाचही औषधांची मूळ नावे सुवाच्य अक्षरांत लिहिली. लिहिता लिहिता एका ठिकाणी थांबून म्हणाले, की ही आम्लपित्ताची गोळी मी तुम्हाला दोन महिन्यांसाठी दिली होती, ती तीन वर्षे कशी चालू आहे? ती बंद झाली. महागाई कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग, म्हणजे नको असलेली गोळी थांबवणे, आम्ही कोणीही विचारला नव्हता म्हणून तीन वर्षे बंद राहिला होता.

डॉक्टरांनी आपली शंकाही मोकळेपणाने सांगितली, आणि ती मी येथे तशीच मांडते, कारण स्वस्त औषधाच्या उत्साहात ती झाकून ठेवणे बरोबर नाही. मूळ नाव तेच असले तरी प्रत्येक कारखान्याची गोळी पोटात सारखीच विरघळते का, याची खात्री हवी. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांसाठी जैवसमतुल्यतेची, म्हणजे दोन गोळ्यांतले औषध शरीरात सारखेच उतरते का याची, चाचणी २०१७ पासून सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेली पुष्कळ उत्पादने बाजारात आहेत. ही शंका फक्त स्वस्त गोळीबद्दल घ्यावी असे मात्र नाही, कारण केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दरमहा निकृष्ट ठरलेल्या नमुन्यांची यादी प्रसिद्ध करते आणि तिच्यात मोठ्या नावांची उत्पादनेही येतात. जनऔषधीचा माल केंद्रांत जाण्याआधी प्रत्येक बॅचची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते, हे कळल्यावर माझे मन बरेच निश्चिंत झाले. काही औषधे मात्र अशी आहेत की मात्रेतला थोडासा फरकही जाणवतो. थायरॉईडची गोळी, फिटची औषधे, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन, मूत्रपिंड बदललेल्यांची औषधे, यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नये, आणि बदललीच तर पुन्हा रक्त तपासून घ्यावे. माझी स्वतःची थायरॉईडची गोळी मी आजही त्याच कंपनीची घेते. शिवाय मूळ नावातही दोन शब्द असू शकतात आणि दुसरा शब्द सोडून चालत नाही. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट यांतले पहिले दिवसातून एकदा घ्यायचे म्हणून सावकाश सुटणाऱ्या गोळीत येते आणि दुसरे लवकर उतरते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या पुढे 'एस.आर.', म्हणजे सावकाश सुटणारी, असे असेल तर साधी मेटफॉर्मिन तिच्या जागी चालत नाही.

हे सगळे वहीत नीट लिहून ठेवले होते, तरी चूक झालीच, आणि ती माझ्या हातून झाली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना रक्तदाब आहे. त्यांची गोळी महाग पडते, म्हणून त्या एक दिवसाआड घेतात असे कळले तेव्हा मी त्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून मूळ नावाने लिहून घेतली आणि केंद्रातून टेलमिसार्टनच्या पट्ट्या आणून दिल्या. जुनी गोळी गुलाबी खोक्यातली होती, ही साध्या पांढऱ्या पट्टीत. दोन्ही एकच आहेत हे मी त्यांना बोलले होते, असे माझ्या मनात पक्के होते. चौथ्या दिवशी पोळपाटाशी उभ्या असताना त्यांना घेरी आली आणि त्यांनी ओट्याची कड धरली. बाबांच्या यंत्रावर रक्तदाब मोजला तर वरचा आकडा नव्वदच्या घरात. विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिलेली नवी सकाळी घेते आणि आधीची रात्री. आधीची कशी सोडणार, डॉक्टरांनी दिलेली आहे ना?" आम्ही लगेच रिक्षाने दवाखान्यात गेलो. दुपारपर्यंत सगळे ठीक झाले, पण माझ्या हातापायांतले बळ संध्याकाळपर्यंत परत आले नाही. स्वस्त गोळी आणून देणे हा या कामाचा लहानसा भाग आहे, आणि मोठा भाग म्हणजे दोन नावांमागे एकच औषध आहे हे घेणाऱ्याच्या मनात उतरवणे, हे मला त्या दिवशी भीतीने शिकवले. तेव्हापासून नवी पट्टी देताना मी जुनी मागून घेते, दोन्ही शेजारी ठेवते आणि मूळ नावाखाली पेनाने रेघ मारते. जुनी संपेपर्यंत नवी हातात देत नाही.

आईच्या शेवटच्या आजारातली एक गोष्ट मात्र मला अजून डाचते. ती ज्या रुग्णालयात होती तेथे औषधे खालच्याच दुकानातून आणावी लागतील असे परिचारिकेने सांगितले, आणि दिवसातून तीन-चार वेळा आम्ही चिठ्ठी घेऊन जिना उतरत होतो. सलाइनच्या नळीपासून इंजेक्शनपर्यंत सगळे छापील किमतीला. नकार देण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो, आणि तसा हक्क आहे हेही माहीत नव्हते. रुग्णालयातल्याच दुकानातून औषध घेणे बंधनकारक नाही, अशी पाटी ठळकपणे लावावी, असे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये सांगितले आहे. ती पाटी मी हल्ली जिथे जाईन तिथे शोधते. आप्त अतिदक्षता विभागात असताना तिचा आधार घेऊन बाहेरून इंजेक्शन आणणे किती जणांना जमेल, हे मला सांगता येणार नाही. पण निदान घरी सोडताना दिलेली महिन्याभराची औषधे बाहेरून आणता येतात, आणि तेवढ्याने बिलात मोठा फरक पडतो.

चिठ्ठी वर्षातून एकदा तरी नव्याने तपासून घ्यावी, हेही अनुभवातून सांगते. औषधाचा एकाधिकार संपला की भाव एका रात्रीत बदलतात. मधुमेहाचे एम्पाग्लिफ्लोझिन मार्च २०२५ पर्यंत एका गोळीला साठ रुपयांच्या आसपास होते. त्या महिन्यात त्याचे पेटंट संपले आणि तीच ताकद पाच-सहा रुपयांपासून मिळू लागली. सिटाग्लिप्टिनचेही २०२२ मध्ये असेच झाले. त्याची ५० मिलिग्रॅमची दहा गोळ्यांची पट्टी जनऔषधीत ६० रुपयांना आली. ज्यांनी जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालू ठेवली त्यांतले पुष्कळजण अजूनही जुनेच भाव मोजत असतील, कारण औषध स्वस्त झाल्याचे पत्र कोणी घरी पाठवत नाही. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांना हे आठ महिन्यांनी कळले. त्यांनी कागदावर दोनशे चाळीस दिवसांचा गुणाकार केला आणि कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले.

बाबांचे बिल आता महिन्याला अकराशेच्या आसपास येते. त्यातली एक जोडगोळी अजून महागच घ्यावी लागते, कारण सुट्या गोळ्यांची वेळ बाबांना सांभाळता येत नाही, आणि एक्क्याऐंशीव्या वर्षी त्यांच्या डोक्यावर आणखी एक गोळी लादण्यापेक्षा ते पैसे देणे मला योग्य वाटते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर चार-पाच घरांच्या पिशव्या येतात. बाबा भिंगातून नाव वाचतात, मी वहीत लिहिते, आणि ॲपमध्ये शोधून समोर किंमत मांडते. डॉक्टरांना काय विचारायचे तेही एका कागदावर लिहून देते, कारण दवाखान्यात गेल्यावर माणूस विसरतो.

गेल्या रविवारी मावशी आपल्या जावेच्या दोन पट्ट्या घेऊन आल्या. खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी त्या उलट्या करून टेबलावर ठेवल्या. मावशींची शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी अक्षरे नातवाबरोबर शिकलेली. त्यांनी टेलमिसार्टनच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवले, मग दुसऱ्या पट्टीवरच्या त्याच अक्षरावर, आणि बोट सरकवत शेवटपर्यंत नेले. "ताई, ही दोन एकच ना? दोन्ही घेते ती. मी कालपासून एक थांबवा म्हणते."

बाबांनी दोन्ही पट्ट्या भिंगाखाली धरल्या. दुसऱ्या पट्टीवर टेलमिसार्टननंतर एक 'आणि' होते, आणि त्याच्या खालच्या ओळीत हायड्रोक्लोरोथायझाइड, साडेबारा मिलिग्रॅम. मावशींना ते दाखवले. त्यांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, खालची ओळ एकेक अक्षर करत वाचली आणि विचारले, "मग ही थांबवायची की ती?"

"ते आपण नाही ठरवायचं," मी म्हटले. "टेलमिसार्टन दोन्हीत आहे, हे तुम्ही बरोबर पकडलंत. पण डॉक्टरांनी दोन्ही मुद्दाम दिल्यात की दोन दवाखान्यांतून आल्यात, ते आधी कळायला हवं. चिठ्ठ्या आहेत का?"

एकच होती. दुसरी जावेच्या घरी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असेल असे त्या म्हणाल्या. मी कागदावर दोन्ही पट्ट्यांची पूर्ण नावे, मिलिग्रॅमसह, खाली एक प्रश्न आणि डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी किती वाजता उघडतो ते लिहून दिले. मावशींनी कागदाची घडी घालून ती पट्ट्यांबरोबर पिशवीत ठेवली आणि जावेला फोन लावला.